कोझी मार्क ४: ऑटोपायलट सर्वोचे माउंट कसे बनवावेत आणि कुठे बसवावेत?

वारा_पाठीशी:

कोझी मार्क ४ हे काच-इपॉक्सीचं विमान बांधतोय. अमेरिकेत, एक्स्पेरिमेंटल अ‍ॅमेच्युअर-बिल्ट वर्गात (हौशी लोकांनी स्वतः बांधलेली विमानं). फ्युजलाज पूर्ण आहे, कॅनार्ड (पुढचा छोटा पंख) बसतं-निघतं, स्टिकपासून एलेव्हेटर (पिच, म्हणजे नोज वर-खाली) आणि एलेरॉनपर्यंत (रोल, म्हणजे कडेला कलणं) सगळ्या दांड्या जोडल्यात. इंजिन आणि रंगकाम बाकी आहे. दोन अक्षांचा ऑटोपायलट आत्ताच बसवायचा आहे. डायनॉनचे दोन एसव्ही३२ सर्वो (कंट्रोलच्या दांड्या हलवणाऱ्या मोटरी) हातात आहेत, टॉर्क ३६ इंच-पाउंड. मूळ नकाशांत आजच्या सर्वोंसाठी जागाच दाखवलेली नाही, म्हणून इथे विचारतोय.

स्टिक एका स्टॉपपासून दुसऱ्या स्टॉपपर्यंत नेऊन मापं घेतली. पिचचा सर्वो जिथे जोडायचा तिथे दांडी २.१ इंच सरकते. रोलच्या बेलक्रँकचा (दांडीची दिशा बदलणाऱ्या तरफेचा) हात ३ इंचाचा आहे आणि त्याच्या टोकाची चाल २.९ इंच आहे.

प्रश्न असे:

१. पिचचा सर्वो नोजमध्ये सँडविच भिंतीवर येईल. फोम ३/८ इंच, दोन्ही बाजूंना बिडचे (दोन दिशांत विणलेल्या काचेच्या कापडाचे) दोन-दोन थर. मोठे वॉशर लावून आरपार बोल्ट चालतील का?

२. ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचं करावं की काचेच्या थरांचं?

३. रोलची २.९ इंच चाल सर्वोच्या हाताला जास्त वाटते. दीड इंचावरचं भोक वापरलं तर चालेल का?

मापं इंचात दिलीत, कारण नकाशे आणि हार्डवेअर दोन्ही इंचातच आहेत.

---

पत्रा_आणि_पान्हा:

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. भूमिती पक्की झाल्याशिवाय ब्रॅकेटची उंची आणि जागा ठरवता येत नाही.

सूत्र सोपं आहे: चाल = २ × हाताची लांबी × साइन कोन. कोन म्हणजे हात मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती वळतो तो.

पिच: २.१ = २ × १.५ × साइन कोन. साइन ०.७ येतो, म्हणजे साधारण ४४ अंश. उत्तम.

रोल: २.९ = २ × १.५ × साइन कोन. साइन ०.९७, म्हणजे ७५ अंश. हे चालणार नाही. हात आणि दांडी एका रेषेत येण्याच्या इतक्या जवळ जाऊ द्यायचं नसतं. हात रेषेपलीकडे गेला की स्टिक परत येत नाही, कारण दांडी हाताला वळवण्याऐवजी नुसती शाफ्टवर दाबत राहते. ब्रॅकेट थोडं लवलं, रॉड एंड (दांडीच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) थोडा झिजला, की कागदावरचे ७५ अंश प्रत्यक्षात ८० होतात. पूर्ण एलेरॉन दिलेला असताना कंट्रोल अडकणं म्हणजे काय, हे सांगायला नको. ६० अंश ही वरची मर्यादा धरा आणि ४५-५० मध्ये राहा.

उपाय: सर्वोची दांडी बेलक्रँकच्या टोकाला जोडू नका, आतल्या बाजूला जोडा. केंद्रापासून २.२५ इंचावर चाल होते २.९ × २.२५ ÷ ३ = २.१८ इंच, आणि कोन येतो साधारण ४६ अंश.

याची किंमत मोजावी लागते, तीही समजून घ्या. ३६ इंच-पाउंडाचा सर्वो दीड इंचाच्या भोकात २४ पाउंड जोर देतो. २.२५ इंचावर लावलेला तो जोर बेलक्रँकच्या टोकाशी १८ पाउंडांइतकाच भरतो. कोझीचे एलेरॉन वेगात जड होत जातात. उड्डाणात सर्वो घसरायला लागला (जोर कमी पडून हात मागे ढकलला जाऊ लागला) तर त्याच कंपनीचा ५५ इंच-पाउंडाचा एसव्ही४२ लागेल. म्हणून रोलच्या माउंटच्या आजूबाजूला मोठ्या सर्वोला पुरेल एवढी जागा आत्ताच ठेवा.

आता दोन गोष्टी, ज्या बऱ्याचदा चुकतात.

पहिली म्हणजे हात आणि दांडी यांच्यातला काटकोन नेमका कुठे ठेवायचा. बरेच जण स्टिक मधे धरून काटकोन लावतात. पण एलेव्हेटरची चाल वर आणि खाली सारखी नसते. स्टिक मधे धरून काटकोन लावला तर एका बाजूला हात ३५ अंशांवर थांबतो आणि दुसऱ्या बाजूला ५५ वर जातो. त्यामुळे काटकोन पूर्ण चालीच्या मध्यावर लावा. दोन्ही टोकांना सारखी मोकळीक राहते.

दुसरी गोष्ट दांडीच्या पातळीची. सर्वोचा हात ज्या पातळीत फिरतो त्याच पातळीत दांडी असली पाहिजे. रॉड एंड थोडा तिरपा चालतो, पण टोकाच्या स्थितीत त्याचं घर हाताच्या कडेला टेकलं की दांडीला वाक येऊ लागतो, आणि आटे जिथे सुरू होतात तिथेच ती तुटते. चारही टोकांच्या स्थितीत बोटांनी दांडी तिच्या अक्षाभोवती किंचित फिरवून पाहा. फिरली पाहिजे.

काही सर्वोंसोबत हात ठरावीक कोनाबाहेर जाऊ न देणारी पट्टी मिळते. ती जरूर लावा, पण विमानाचे स्वतःचे स्टॉप आधी टेकले पाहिजेत. सर्वो हा कंट्रोलचा स्टॉप नव्हे.

---

थरावर_थर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: फोममधून आरपार बोल्ट नको, मोठे वॉशर लावले तरी नको. हिशोब करून बघा.

एएन३ (विमानांचे ३/१६ इंची) बोल्ट २० ते २५ इंच-पाउंडांवर आवळतात. २५ धरले तर बोल्टमध्ये साधारण ६५० पाउंड ताण येतो. एएन९७०-३ या मोठ्या वॉशरचा व्यास ७/८ इंच, म्हणजे टेकणारं क्षेत्र ०.५७ चौरस इंच. दाब झाला ११५० पीएसआयच्या आसपास. डायव्हिनिसेल एच४५ फोमची दाब सहन करण्याची ताकद ०.६ मेगापास्कल आहे, म्हणजे ८७ पीएसआय. फोमवरचे काचेचे थर, म्हणजे कातडी, थोडा भार पसरवते, पण फरक दहा पटींहून जास्त आहे. फोम दबतो, बोल्ट सैल होतो, पुढच्या तपासणीत कोणीतरी पुन्हा आवळतो, फोम आणखी दबतो. शेवटी बोल्टभोवती कातडी फोमपासून सुटते. बोल्ट कमी आवळला तर सर्वोच्या प्रत्येक हालचालीला ब्रॅकेट सरकतं आणि भोक अंडाकृती होतं.

म्हणून आवळण्याच्या साखळीत फोम येताच कामा नये. पद्धत अशी:

सर्वप्रथम जागा. लाँजरॉन (फ्युजलाजच्या लांब पट्ट्या), स्पार (पंखाचा मुख्य तुळईसारखा भाग), इंधनटाकीची भिंत, नोजगिअरचा भार घेणारे थर, यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. कातडीत आधीच पुरलेली तांब्याच्या पट्टीची अँटेना कुठून जाते तेही बांधणीच्या फोटोंतून पाहून घ्या.

४ × ४ इंच आणि १/८ इंच जाडीची २०२४-टी३ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापा; काचेत पुरल्यावर हीच हार्ड पॉइंट होते. ब्रॅकेटच्या चार बोल्टांची भोकं पाडा, मागून के१०००-३ नटप्लेट (जागेवर पक्के बसणारे नट) रिव्हेट करा. मोकळ्या जागेत १/४ इंचाची सहा-आठ भोकं पाडून ठेवा, त्यांतून फ्लॉक्स (इपॉक्सीत कालवलेले कापसाचे तंतू) आरपार जाऊन पट्टीला धरून ठेवतो. पट्टीचे कोपरे कानसीने गोल करा. टोकदार कोपऱ्याजवळच्या काचेत तडे सुरू होतात. अ‍ॅल्युमिनियम आणि इपॉक्सीची नुसती चिकट पकड वर्षानुवर्षं टिकेल असं धरू नका. पट्टी काचेत आणि फ्लॉक्समध्ये अडकून बसली पाहिजे, तिची भिस्त चिकटण्यावर नको.

आतली कातडी डायमंड चाकाने पट्टीपेक्षा १/४ इंच मोठी कापा. चाकाची खोली कातडीपुरतीच ठेवा. कापलेला तुकडा उचकटून काढा आणि फोम खरवडून बाहेरच्या कातडीपर्यंत जा. इथे घाई करू नका. बाहेरच्या कातडीच्या आतल्या बाजूला चाकूची रेघ उमटली तर दोन थरांपैकी एक गेला असं समजा. फोमच्या कडा तिरक्या करा, म्हणजे फ्लॉक्स कातडीखाली थोडा शिरतो.

नटप्लेटच्या आट्यांत ग्रीस भरा आणि ग्रीस लावलेले जुने स्क्रू घालून ठेवा. प्रत्येक नटप्लेटच्या मागच्या तोंडावर मेणाची किंवा मॉडेलिंग क्लेची छोटी टोपी बसवा. ही टोपी विसरलात तर बोल्टच्या टोकाला जायला जागाच उरत नाही. मग बोल्ट आवळताना तो फ्लॉक्सवर टेकतो आणि बाहेरच्या कातडीला आतून ढकलतो. बाहेर रंगावर चार फुगीर ठिपके दिसले की कारण बहुतेक हेच असतं.

खड्ड्याच्या तळाला आधी नुसतं इपॉक्सी, त्यावर घट्ट फ्लॉक्स. पट्टीच्या मागे १/४ इंच भरायचा आहे, म्हणजे अंदाजे ७५ ते ८० ग्रॅम. एकदम ओतू नका. जाड थर तापतो, आणि तापलेलं इपॉक्सी शेजारचा फोम वितळवतं. दोन वेळा भरा, पहिला थर हिरवा, म्हणजे अर्धवट सुकलेला, असतानाच दुसरा. पट्टी दाबून बसवा, कडेने फ्लॉक्स वर आला पाहिजे. पट्टीचा पृष्ठभाग आतल्या कातडीच्या पातळीत राहील असं पाहा.

पट्टी बसवण्याआधी सभोवतालची कातडी ३ इंचांपर्यंत ८० नंबरच्या सँडपेपरने चकाकी जाईपर्यंत घासून ठेवा, धागे कापू नका. वापरलेलं इपॉक्सी अमाइनचा तेलकट पापुद्रा सोडणारं असेल तर घासण्याआधी पाण्याने धुवा. आधी घासलं तर पापुद्रा रेघांत दाबला जातो.

मग बिडचे चार थर, ४५ अंशांत. पहिला थर पट्टीच्या बाहेर १ इंच, प्रत्येक पुढचा अर्धा इंच जास्त, म्हणजे शेवटचा अडीच इंच बाहेर जातो. पायऱ्या का, तर एकाच रेषेत संपलेले चार थर त्या रेषेपासून उचकटायला लागतात. स्क्रू जिथे वर आलेत तिथे कापड कापू नका, टोच्याने धागे बाजूला सारून स्क्रू वर येऊ द्या. वर पील प्लाय (सुकल्यावर सोलून काढायचं कापड). २५ अंश सेल्सियसला पूर्ण २४ तास हात लावायचा नाही.

चार थरांची जाडी साधारण ०.०५ इंच होते. बोल्टची लांबी धरताना ब्रॅकेट, हे थर, पट्टी आणि नटप्लेट एवढं मोजा. टोक नटप्लेटच्या बाहेर एक-दोन आटे आलं की पुरे.

कापड कार्बनचं असेल तर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी त्याला थेट लावू नका. मधे काचेचा एक थर हवाच, नाहीतर दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून गंजत जातं.

---

वारा_पाठीशी:

दोघांचे आभार. टोपीची गोष्ट मला सुचलीच नसती. रोलसाठी २.२५ इंच नक्की करतो.

आता दोन शंका. बेलक्रँकमध्ये नवीन भोक पाडायचं म्हणजे मुख्य कंट्रोलला हात लावणं, ते कितपत बरोबर? आणि रोलचा सर्वो फायरवॉलच्या (मागचं इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या) पुढच्या बाजूला बसतोय. तिथे १/४ इंच बर्च प्लाय आहे, फोम नाही. तिथेही हीच पद्धत का?

---

सरळ_दांडी:

आधी ब्रॅकेटबद्दल, कारण तो प्रश्न तसाच राहिलाय.

सर्वोच्या माउंटमध्ये लोक ताकद तपासतात आणि लवणं विसरतात. एक उदाहरण घ्या. ०.०६३ इंच पत्र्याचा साधा एल, ३ इंच रुंद, सर्वोची दांडी पायापासून अडीच इंच उंच, जोर पत्र्याच्या पातळीला आडवा, २४ पाउंड. पत्र्यात ताण येतो ३०,००० पीएसआयच्या आसपास. २०२४-टी३ हे सहज सोसतं, तुटायचा प्रश्न नाही. पण पत्रा टोकाशी ०.२ इंच लवतो, म्हणजे ५ मिलिमीटर! पूर्ण चाल २.१ इंचांची असताना त्यातला जवळपास दहावा भाग ब्रॅकेटच खातं. ऑटोपायलट हुकूम देतो, सर्वो फिरतो, ब्रॅकेट वाकतं, एलेव्हेटर हलत नाही. मग हुकूम वाढतो, दांड्यांचं घर्षण सुटतं आणि एलेव्हेटर गरजेपेक्षा जास्त जातो. विमान उंचीच्या भोवती संथपणे वरखाली होत राहतं. लोक आठवडेच्या आठवडे सेटिंग बदलत बसतात आणि दोष पत्र्यात असतो.

त्याच पत्र्याच्या दोन्ही कडा ३/४ इंच वाकवून बाजू केल्या तर तो शंभर पटींहून जास्त ताठ होतो. वजन फारसं वाढत नाही. म्हणून उघडा एल कधीच नको. पेटीसारख्या बाजू, किंवा निदान दोन त्रिकोणी टेकू द्या. शक्य असेल तर सर्वो असा फिरवा की दांडीचा जोर ब्रॅकेटच्या पायाला समांतर, पत्र्याच्याच पातळीत येईल. आणि पाय पसरट ठेवा. हात ६० अंशांवर असताना दांडीतला जोर सरळ स्थितीच्या दुप्पट होतो. सर्वो एक इंचाच्या भोकात असेल तर ७२ पाउंड. अडीच इंच उंचीवर तो १८० इंच-पाउंडांचा उलथवणारा भार देतो. बोल्टांमधलं अंतर ४ इंच असेल तर मागच्या जोडीवर ४५ पाउंड ओढ येते, २ इंच असेल तर ९०. आकडे लहान वाटतात, पण ही ओढ कातडी उचकटणारी आहे आणि दर मिनिटाला अनेकदा येते.

अ‍ॅल्युमिनियम की काच? माझं मत ठामपणे अ‍ॅल्युमिनियम. काचेचा एल करायचा तर बिडचे १२ थर लागतात, जाडी ०.१५ इंच होते. खरी अडचण वळणात आहे. एल उघडण्याच्या दिशेने भार आला की वळणातले थर एकमेकांपासून सुटू पाहतात, आणि तिथे धरून ठेवायला फक्त रेझिन असतं, धागा नसतो. बाजूंचे टेकू दिले तर काचेचं ब्रॅकेटही छान चालतं. पण सर्वो बदलला आणि बोल्टांची जागा बदलली की अ‍ॅल्युमिनियमचं नवं ब्रॅकेट एका संध्याकाळी होतं.

०.०६३ ची २०२४-टी३ वाकवताना आतली गोलाई निदान ३/१६ इंच ठेवा आणि वाकवण्याची रेघ पत्र्याच्या लाटण दिशेला आडवी घ्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला बारीक रेघा दिसल्या तर तो तुकडा टाकून द्या. वाकवायची सोय नसेल तर ६०६१-टी६ चा १/८ इंच जाड तयार अँगल घ्या आणि टेकू रिव्हेट करा.

आता बेलक्रँक. एएन३ च्या भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत भोकाच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ३/८ इंच धातू हवाच. त्यामुळे २.२५ इंचावर हाताची रुंदी ३/४ इंच किंवा जास्त असेल आणि भोक रुंदीच्या बरोबर मधे येत असेल तरच तिथे भोक पाडा. त्यापेक्षा अरुंद असेल तर त्या जागी वेगळी कानपट्टी रिव्हेट करा किंवा बेलक्रँक नवीन, रुंद बनवा. भोक आधी लहान ड्रिलने, शेवटी रीमरने. मुख्य पुशरॉडच्या नळीला मात्र भोक पाडायचं नाही. नळीभोवती दोन तुकड्यांचा क्लँप लावण्याची सूचनाही कुठे कुठे दिसते. तो पातळ नळीला चेपतो किंवा हळूहळू घसरतो, आणि बाजूने ओढत असल्यामुळे नळीला पीळ देतो. टाळा.

फायरवॉल: प्लाय भरीव आहे, तिथे खड्डा करण्याची गरज नाही. आरपार स्टीलचे एएन३ बोल्ट, प्लायच्या बाजूला एएन९७०-३. इंजिनच्या बाजूला नायलॉनचा लॉकनट नको, पूर्ण धातूचा लॉकनट घ्या. भोकं आगरोधक सीलंटने बंद करा. फायरवॉलच्या इंजिनबाजूला इपॉक्सीने चिकटवलेलं काहीही ठेवू नका. खोलीच्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी तिथल्या उष्णतेत मऊ पडतं.

वजनाचाही विचार करा. कॅनार्ड विमानात मागे गेलेला प्रत्येक पाउंड नंतर नोजमध्ये भरपाई मागतो. पिचचा सर्वो पुढे आहे हे चांगलं. रोलचा सर्वो फायरवॉलवर चालेल, पण तोलाच्या कागदावर त्याचं खरं वजन आणि अंतर लिहा, अंदाज नको.

दांडी: ३/८ इंच व्यासाची, ०.०३५ भिंतीची ६०६१-टी६ नळी १२ इंच लांब असेल तर दाबाखाली सुमारे ३७० पाउंडांना वाकते. २४ इंच लांबीला तीच ९० पाउंडांवर येते. म्हणजे तुमची दांडी एवढ्या लांबीची असेल तर चिंता नाही, पण यापेक्षा बारीक भरीव सळई वापरायचा मोह नको. रॉड एंडचे आटे व्यासाच्या दीडपट तरी आत गेलेले असावेत. नळीच्या टोकाला तपासणीचं बारीक भोक ठेवा आणि त्यातून तार घालून बघा, तार आट्यांवर अडली पाहिजे.

रॉड एंडच्या मोकळ्या बाजूला एएन९७०-३ वॉशर लावाच. रॉड एंडचा गोळा कधी घरातून सुटला तर दांडी वॉशरमागे अडकून राहते, निसटून कंट्रोलमध्ये अडकत नाही. दांडी पूर्ण सुटली तर ती कुठे लोंबेल हेही हाताने सोडून पाहा. ती बेलक्रँकच्या किंवा पेडलच्या वाटेत येत असेल तर सर्वोची दिशा बदला.

जिथे बोल्ट स्वतः फिरू शकतो तिथे कॅसल नट आणि कॉटर पिन. रॉड एंडचा गोळा आवळून धरलेला असेल आणि फिरणं गोळ्यातच होत असेल तर लॉकनट चालतो.

---

वायरिंग_आधी:

माउंटसोबतच तारांची वाट ठरवा, नंतर फार त्रास होतो.

पत्र्याच्या विमानात सांगाड्यातूनच ग्राउंड परत येतं. कंपोझिटमध्ये सांगाडा वीज वाहत नाही. प्रत्येक सर्वोला पॉवर आणि ग्राउंड, दोन्हींसाठी वेगळी तार द्या, आणि ग्राउंडची तार थेट पॅनेलमागच्या एकाच ग्राउंड बिंदूपर्यंत न्या. ब्रॅकेटला ग्राउंड जोडून काहीही साधत नाही.

मॅग्नेटोमीटर (चुंबकीय दिशा मोजणारा सेन्सर) सर्वोपासून लांब ठेवा. सर्वोच्या मोटरमध्ये चुंबक असतात, आणि मोटर पकडून धरते तेव्हा प्रवाह बदलत राहतो. नोजमध्ये दोघं शेजारी ठेवले तर ऑटोपायलट लावताच दिशादर्शक काही अंश सरकतो. तपासायला सोपं आहे: विमान जमिनीवर स्थिर ठेवा, सर्वो चालू-बंद करा, स्टिक हलवा, दिशादर्शक बघा.

सर्वोचे स्टेपर मोटर धरून ठेवताना गरम होतात. ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर उष्णता पसरते. सर्वो फोममध्ये कोंडून ठेवू नका. ऑटोपायलट बंद करण्याची तार स्टिकवरच्या बटणापर्यंत न्या, आणि सर्वोंचा ब्रेकर हात पोचेल असा आणि इतर कशाशी न जोडलेला ठेवा.

---

थरावर_थर:

बसवताना आणि नंतरचं थोडं.

ब्रॅकेटची जागा मोजून ठरवू नका, जोडून ठरवा. सर्वो, ब्रॅकेट आणि दांडी जोडा, हार्ड पॉइंट जिथे येणार तिथे भिंतीवर ब्रॅकेट ५-मिनिट इपॉक्सीच्या थेंबांनी टेकवा आणि स्टिक दोन्ही स्टॉपपर्यंत वीसेक वेळा फिरवा. काही टेकत नाही, घासत नाही, कोन दोन्हीकडे सारखे आहेत, असं झालं की ब्रॅकेटमधल्या भोकांच्या भिंतीवर खुणा करून घ्या. म्हणजे नटप्लेट पुरण्याच्या आधीच हे करायचं आहे. पट्टीतली भोकं ब्रॅकेटवरून पाडा, उलट नको.

भोक पाडताना मागे लाकूड दाबून धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटचा थर उचकटतो. धार असलेला कार्बाइड ड्रिल घ्या. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, मास्क लावा. इपॉक्सीला नायट्राइलचे हातमोजे.

पूर्ण बसल्यावर तपासणीचा क्रम असा:

सर्वो बंद, स्टिक एका बोटाने पूर्ण फिरवा. दांडी जोडल्यावर आणि काढल्यावर लागणारा जोर स्प्रिंग काट्याने मोजा. फरक फार नसावा. एलेव्हेटरचा तोल सर्वोच्या दांडीशिवाय तपासा. सर्वोची कुठलीही वस्तू थेट एलेव्हेटरला जोडू नका, तोल बिघडला तर फ्लटरचा (वेगात एलेव्हेटर जोराने फडफडण्याचा) धोका आहे.

सर्वो चालू, ऑटोपायलट धरलेला. स्टिक जोर लावून ढकला आणि दुसऱ्या कोणाला तरी ब्रॅकेटजवळ डायल गेज लावून उभं करा. सर्वो घसरण्याच्या क्षणी ब्रॅकेटचं टोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हललं तर टेकू वाढवा. गेज नसेल तर ब्रॅकेटला एक सुई चिकटवा आणि मागे आलेखाचा कागद लावा.

दिशा तपासा. नोज खाली करायला सांगितल्यावर स्टिक पुढे गेली पाहिजे, उजवं वळण सांगितल्यावर स्टिक उजवीकडे. उलट्या दिशेचा सर्वो जमिनीवर शांत दिसतो आणि पहिल्याच उड्डाणात विमान उलटवू पाहतो. सॉफ्टवेअरमध्ये दिशा बदलता येते, पण नंतर अपडेट केल्यावर पुन्हा तपासा.

पहिल्या उड्डाणांत टॉर्क कमी ठेवा, भरपूर उंची घ्या आणि हळूहळू वाढवा. टॉर्क एवढाच असावा की हलत्या हवेत सर्वो घसरत नाही, पण एका हाताने सहज मात करता येते.

दरवर्षीच्या तपासणीत ब्रॅकेट काढू नका, आधी बघा. बोल्टभोवतीची काच दुधाळ पांढरी झाली असेल तर थर सुटतायत. मग नाणं घेऊन हार्ड पॉइंटच्या कडेने दर अर्ध्या इंचाला टकटक करा. नीट चिकटलेल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. अशा ठिकाणी भोक पाडून इपॉक्सी सोडणं ही तात्पुरती सोय आहे. थर काढून, उतार देऊन पुन्हा लावणं हाच मार्ग. आवळलेल्या प्रत्येक नटावर टॉर्क सीलची (खुणेच्या रंगाची) रेघ ओढा, म्हणजे पुढच्या वर्षी पान्हा न लावता कळेल की नट फिरला का.

आणि अमेरिकेत असल्यामुळे एक सूचना: हे सगळं एअरवर्दिनेस सर्टिफिकेटच्या तपासणीआधी पूर्ण करा. नंतर बसवलं तर ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये बदलांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचावं लागेल. ईएएच्या (हौशी विमानबांधणी करणाऱ्यांच्या संघटनेच्या) टेक्निकल कौन्सेलरला हार्ड पॉइंट थरांखाली झाकण्याआधी दाखवा. झाकल्यावर त्यालाही आत काय आहे ते दिसत नाही, तेव्हा पुरण्याआधी पट्टीचा फुटपट्टीसकट फोटो काढून लॉगबुकात लावून ठेवा.

---

वारा_पाठीशी:

बेलक्रँक मोजला. २.२५ इंचावर हात ०.८ इंच रुंद आहे, भोक मधे बसतं. पिचसाठी बाजू वाकवलेलं ०.०६३ चं ब्रॅकेट करतो आणि ५-मिनिट इपॉक्सीवर टेकवून कोन मोजले की इथे आकडे टाकतो. एक शेवटची शंका: नोजमधल्या त्या भिंतीत फोम एच४५ च आहे याची खात्री नाही, आणखी दाट असू शकतो. त्याने पद्धतीत काही बदलतं का?

---

थरावर_थर:

नाही. फोम दाट असला तरी आवळण्याच्या साखळीत तो येत नाही, हाच या पद्धतीचा फायदा. फक्त खरवडायला जास्त वेळ लागेल आणि छिन्नीवर जोर येईल, तेव्हा बाहेरच्या कातडीला जपा. शेवटचा १/१६ इंच फोम छिन्नीने न काढता लाकडी ठोकळ्यावर लावलेल्या ३६ नंबरच्या सँडपेपरने काढा, आणि काच दिसायला लागली की थांबा.